पाच डब्या

दिवाळीचा फराळ डब्यात भरायचा आणि त्याच आठवड्यात बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवायचं, ही धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब, वाशी, भूम, परंडा भागातल्या कितीतरी घरांची ठरलेली रीत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेऊन झालेली असते, बहुतेक वेळा खर्चूनही झालेली असते. आता ती फेडायला, ऊस तोडायला, सांगली, कोल्हापूर, नाहीतर कर्नाटकातला साखर कारखाना गाठायचा. पातेली, ताडपत्री, ज्वारीचं पोतं, एखादी शेळी, सोबत लहान पोर.

असं एक बिऱ्हाड डोळ्यांपुढे आणा. त्यातल्या पिठाच्या डब्यात, तळाशी, फडक्यात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पांढऱ्या डब्या आहेत. एका डबीत तीस गोळ्या. रोज एक, ठरलेल्या वेळी, एकही दिवस न चुकवता. डबी हलली की खुळखुळते, म्हणून आत कापसाचा बोळा कोंबलेला. टोळीतल्या कुणी विचारलंच तर बीपीच्या गोळ्या. हंगाम पाच महिन्यांचा धरला तर पाच डब्या लागतात.

हे बिऱ्हाड माझ्या कल्पनेतलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. एचआयव्हीवर लिहिताना आमच्याकडे नाव बदलून भागत नाही. नुसता तालुका आणि मुलांची संख्या सांगितली तरी गाव माणूस ओळखतं. म्हणून माणसं मनातली घेतली आहेत. डब्यांचा हिशेब मात्र खरा आहे आणि या लेखाचा विषय तोच आहे.

एचआयव्हीवर उपचार देणाऱ्या सरकारी एआरटी केंद्रातून, तब्येत स्थिर असलेल्या रुग्णाला एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची पद्धत आहे. म्हणजे तीन डब्या. उरलेल्या दोनांसाठी सोय आहे, कागदावर चांगली सोय आहे. रुग्णाजवळ उपचाराचं हिरवं पुस्तक असतं. ते दाखवलं की देशातल्या कुठल्याही एआरटी केंद्रात ‘ट्रान्झिट’ म्हणून गोळ्या मिळू शकतात. पण फडापासून ते केंद्र चाळीस-पन्नास किलोमीटरवर असतं. जायला-यायला अख्खा दिवस जातो. जोडीतला एकजण गेला की कोयता बसला, खाडा पडला, पैसे कापले. आणि संध्याकाळी कोपीवर परतल्यावर टोळीचा साधा प्रश्न, कुठं गेला होता? हा प्रश्न पन्नास किलोमीटरपेक्षा अवघड असतो.

याच दोन डब्यांच्या फटीत माणसं उपचारातून गळतात. गोळी थांबली की काही महिने काहीच होत नाही, हीच तिची फसवी बाजू. विषाणू मुकाट्यानं वाढतो, कधी औषधाला दाद न देणारा होतो. मग खोकला, वजन उतरणं, क्षयरोग.

०००

ही डबी येते कुठून, हे पाहायचं तर जिल्ह्यातल्या एका रस्त्यावर उभं राहावं लागतं. पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादला जाणारा महामार्ग नळदुर्ग, जळकोट, येणेगूर, उमरगा असा आपला दक्षिण भाग चिरत कर्नाटकात उतरतो. आता त्याचा क्रमांक ६५. जुनी माणसं अजून नऊ नंबरच म्हणतात. नव्वदच्या दशकात एचआयव्ही म्हटलं की आरोग्यखात्याचं बोट आधी या रस्त्यावर पडायचं. ट्रक, ढाबे, रात्रीचे मुक्काम. ट्रकवाल्यांची त्या काळी झालेली बदनामी जरा अतीच होती, असं माझं मत आहे. पण रोग रस्त्यानं पसरला, हे खोटं नाही.

गंमत अशी, की रोगावरची गोळीही याच रस्त्यावरची आहे. पुण्याच्या बाजूला दौंड तालुक्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत लागते. तिथं सिप्लाचा कारखाना आहे. दुसऱ्या टोकाला हैदराबाद, म्हणजे हेटेरो, अरबिंदो, डॉ. रेड्डीज. आफ्रिकेसकट गरीब जगातले एचआयव्हीचे रुग्ण ज्या स्वस्त गोळ्यांवर जगतात, त्यातल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक भारतीय कंपन्यांच्या असल्याचं अभ्यासांतून पुढे आलं होतं. उमरग्याच्या नाक्यावर चहा पिणाऱ्याला याची कल्पना नसते. असायचं कारणही नाही.

२००१ च्या फेब्रुवारीत सिप्लाचे युसूफ हमीद यांनी जाहीर केलं, की तीन औषधांचा वर्षाचा उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला आपण ३५० डॉलरमध्ये देऊ. तेव्हा तोच उपचार पाश्चात्त्य कंपन्या दहा ते पंधरा हजार डॉलरला विकत होत्या. हमीदांना ते जमलं, कारण १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नव्हतं. वेगळ्या कृतीनं तेच औषध बनवायला मोकळीक होती. दोन वर्षांनी, जानेवारी २००३ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी संसदेपुढे ‘पेपफार’ या एड्सविरोधी योजनेची घोषणा केली. औषधांचा वर्षाचा खर्च बारा हजार डॉलरवरून तीनशेच्या खाली आला आहे, असं त्यांनी त्या भाषणात सांगितलं. तो तीनशेचा भाव अमेरिकेतला नव्हताच. तो आपल्या कंपन्यांचा होता. तरी पेपफारचा पैसा सुरुवातीला ब्रँडेड औषधांवरच गेला. भारतीय गोळ्यांना अमेरिकी औषध प्रशासनाची वाट मोकळी व्हायला आणखी वेळ लागला.

मग मात्र चक्र फिरलं. अमेरिकेचा पेपफार आणि २००२ साली स्थापन झालेला ग्लोबल फंड, हे दोघे या गोळ्यांचे मोठे गिऱ्हाईक झाले. गिऱ्हाईक मोठं, म्हणून उत्पादन मोठं, म्हणून भाव कमी. आज वापरात असलेली ‘टीएलडी’ ही तीन औषधांची एकत्र गोळी जागतिक खरेदीत वर्षाला चाळीस डॉलरच्याही खाली आली आहे. महिन्याला पावणेतीनशे-तीनशे रुपये धरा. मोबाइलच्या रिचार्जएवढे.

परदेशी निधी म्हटलं की आपल्याला बाहेरून इकडे येणारे पैसे दिसतात. कुरकुंभ आणि हैदराबादकडे पाहिलं तर चित्र उलटंही दिसतं. मोझांबिकमधल्या बाईच्या गोळीसाठी वॉशिंग्टननं मोजलेला डॉलर आपल्या बिऱ्हाडातल्या डबीची किंमत खाली ठेवतो.

०००

बाहेरच्या पैशाची या जिल्ह्याला सवय आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला, सुमारे आठ हजार माणसं गेली, आणि लोहारा-उमरगा भागातल्या शेतकऱ्यांनी जागतिक बँक हे नाव ऐकलं. त्या कर्जातून घरं उभी राहिली, देशभरातून आणि परदेशातून संस्था आल्या, जीपा आल्या, फलक लागले. काही वर्षांनी बहुतेक जीपा परत गेल्या. घरं राहिली. राहिलेल्या घरांत आणि गेलेल्या जीपांत काय फरक असतो, हे त्या पट्ट्यातल्या माणसाला कुठल्याही तज्ज्ञापेक्षा नीट कळतं.

एड्सचा सरकारी कार्यक्रमही जागतिक बँकेच्याच पैशावर सुरू झाला. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देशातलं पहिलं एचआयव्हीचं निदान केलं. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, उभी राहिली ती बँकेच्या ८ कोटी ४० लाख डॉलर कर्जाच्या आधारानं. दुसऱ्या टप्प्याला १९ कोटी १० लाख. महाराष्ट्रात अमेरिकेच्या यूएसएडचा ‘अॅव्हर्ट’ प्रकल्प आला. बिल गेट्स यांच्या प्रतिष्ठानचा ‘आवाहन’ आला. त्याच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता आणि महामार्गांवर ट्रकवाल्यांसाठी निघालेली ‘खुशी क्लिनिक’ही त्याच पैशातली. दहाएक वर्षांत ‘आवाहन’नं आपलं काम टप्प्याटप्प्यानं सरकारच्या हाती दिलं. एवढ्या मोठ्या देणगीदारानं निघायची तारीख आधी ठरवून, ओळखपाळख करून देऊन निघावं, हे क्वचित घडतं. त्याचं श्रेय द्यायला हवं.

मोफत गोळ्या १ एप्रिल २००४ रोजी आठ सरकारी रुग्णालयांत सुरू झाल्या. त्यात मुंबईचं जे.जे. होतं. मराठवाड्यातल्या रुग्णाला तेव्हा गोळीसाठी मुंबईची गाडी धरावी लागे. पुढे केंद्रं पसरत गेली, वैद्यकीय महाविद्यालयांत, जिल्हा रुग्णालयांत. ग्रामीण रुग्णालयांत लिंक एआरटी केंद्रं आली. आधी पांढऱ्या पेशींची सीडीफोर ही मोजणी ठरावीक आकड्याखाली गेल्यावरच गोळी मिळायची. २०१७ पासून चाचणी पॉझिटिव्ह आली की लगेच सुरू. आज देशात अंदाजे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात, सतरा लाखांहून अधिक जण सरकारी गोळ्यांवर आहेत, आणि रुग्णसंख्येत महाराष्ट्र पहिला आहे.

या पैशाला अटी असत. त्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपले कोयते ज्या सांगलीकडे जातात, तिथं मीना सेषू यांची ‘संग्राम’ ही संस्था नव्वदच्या दशकापासून वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम करते. अमेरिकेनं अट घातली होती, की पैसा हवा असेल तर संस्थेनं वेश्याव्यवसायाच्या विरोधात असल्याचं लिहून द्यावं. ज्या बायकांनी निरोध वाटण्यापासून सगळं काम उभं केलं, त्यांच्याच विरोधात कागद करून द्यायचा. २००५ मध्ये संग्रामनं तो पैसा नाकारला. त्याच वर्षी ब्राझीलनंही चार कोटी डॉलरवर पाणी सोडलं. ब्राझील देश आहे, त्याला परवडतं. सांगलीतल्या बायकांनी नाही म्हणणं जास्त मोठं.

०००

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत नवं सरकार आलं आणि त्याच दिवशी परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी गोठवण्याचा हुकूम निघाला. जीवरक्षक औषधांना आठवडाभरात सूट मिळाली, पण तोवर आफ्रिकेत दवाखान्यांना कुलपं लागली होती. १ जुलैला यूएसएड ही संस्थाच संपली. महाराष्ट्रातली ठळक ठेच तृतीयपंथीयांना लागली. कल्याण आणि पुण्यातली ‘मित्र’ क्लिनिक, हैदराबादच्या क्लिनिकसोबत, बंद पडली. एचआयव्हीची चाचणी, समुपदेशन, हार्मोनचे उपचार, सगळं एका छपराखाली, आणि दारात कुणी हसत नाही असं ते ठिकाण होतं.

धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयातल्या गोळ्या त्या हुकमानं थांबल्या नाहीत. कारण सरळ आहे, त्या गोळ्या आता भारत सरकार विकत घेतं. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्याला, २०२१ ते मार्च २०२६, केंद्रानं १५,४७१ कोटी ९४ लाख रुपयांची मंजुरी दिली होती. एकेकाळी कर्जावर उभा असलेला कार्यक्रम बहुतांशी स्वतःच्या खिशातून चालवायला लागणं, ही साधी कमाई नाही. २०२२ मध्ये भारतानं ग्लोबल फंडाला अडीच कोटी डॉलर देऊ केले. घेणारा हात थोडासा देणारा झाला.

पण स्वतःचा पैसा आहे म्हणजे गोळी आहे, असं नसतं. त्याच २०२२ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात देशात औषधांचा तुटवडा पडला. महिन्याऐवजी आठवड्याच्या, कुठं चार दिवसांच्या गोळ्या मोजून मिळू लागल्या, आणि दिल्लीत एचआयव्हीसह जगणारी माणसं नॅकोच्या कार्यालयात महिनाभराहून अधिक काळ ठाण मांडून बसली. तिजोरीत पैसा होता. निविदांचा घोळ झाला होता. आपल्या २०१७ च्या एचआयव्ही कायद्यातही सरकारनं उपचार ‘शक्य तितक्या प्रमाणात’ द्यावेत, असे शब्द आहेत. ते काढून टाका म्हणून रुग्णांच्या संघटनांनी आटापिटा केला होता. शब्द राहिले.

आणि गोळीच्या पलीकडे माणसं लागतात. परदेशी निधीनं या कार्यक्रमात जे खरं विकत घेतलं ते माझ्या मते गोळ्या नव्हेत. चाचणीच्या आधी आणि नंतर खोलीचं दार लावून बोलणारे समुपदेशक. ग्लोबल फंडाच्या पैशावर सुरू झालेल्या योजनेतले लिंक वर्कर, जे मोठ्या गावांतून फिरून स्थलांतरितांची, गरोदर बायांची चाचणी करून घेत. २०१३ पासूनची ‘विहान’ केंद्रं, तीनशेहून अधिक; त्यातले कार्यकर्ते बरेचसे स्वतःच एचआयव्हीसह जगणारे. महिना उलटून गेला, अमका गोळ्या न्यायला आला नाही, हे यादीवरून ओळखायचं, फोन लावायचा, फोन बंद असेल तर गाव गाठायचं, आणि गावात कुणालाही आपण कशाला आलोय ते कळू न देता त्याला पारावरून बाजूला घ्यायचं. हे काम संगणक करत नाही. गरोदरपणात आईला वेळेवर गोळी सुरू झाली तर बाळाला लागण होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या खाली आणता येते. नाही झाली तर ती पंधरा ते पंचेचाळीस टक्के असते. या दोन आकड्यांमध्ये बहुतेक वेळा एक बाई चालत गेलेली असते. ती कंत्राटी असते, तुटपुंज्या मानधनावर असते, आणि दर मार्चला पुढच्या वर्षी आपण आहोत की नाही, याची वाट पाहत असते.

पैसा आटला की आधी तीच जाते. गोळी कापली तर बोंब होते, वर्तमानपत्रात येतं. लिंक वर्कर कमी केला तर एका तक्त्यातली ओळ पुसली जाते.

आणि पैसा आटतो आहे. जुलै २०२५ मध्ये ग्लोबल फंडानं आधी मंजूर केलेल्या अनुदानातून १४३ कोटी डॉलर कापले. नोव्हेंबरात जोहान्सबर्गला पुढच्या तीन वर्षांसाठी देणगीदारांची बैठक झाली. हवे होते १,८०० कोटी डॉलर, वचनं मिळाली १,१३४ कोटींची. अमेरिका ६०० वरून ४६० कोटींवर आली. ब्रिटन आणि जर्मनीनंही हात आखडला. एड्ससाठीची संयुक्त राष्ट्रांची ‘यूएनएड्स’ ही संस्थाच २०२६ अखेर गुंडाळावी, अशी सूचना संयुक्त राष्ट्रांच्या सुधारणा आराखड्यात आली. तिनंच आधी हिशेब मांडला होता, की पेपफार कायमचा थांबला तर २०२९ पर्यंत जगात साठ लाख जादा लागणी आणि चाळीस लाख जादा मृत्यू होतील. हे होत असतानाच वर्षातून दोनदा टोचायचं लेनाकापाविर हे प्रतिबंधक इंजेक्शन आलं. अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला २८ हजार डॉलर. २०२७ पासून ते चाळीस डॉलरमध्ये बनवायचं हेटेरो आणि डॉ. रेड्डीजनं कबूल केलं आहे. परत तोच रस्ता, तेच हैदराबाद. पण चाळीस डॉलरचा भाव गिऱ्हाईक असेल तरच टिकतो.

०००

आपण काय करतो, हेही पाहायला हवं. शेजारच्या लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांचं ‘सेवालय’ आहे, बीडला पालीत दत्ता आणि संध्या बारगजे यांचं ‘इन्फंट इंडिया’. एचआयव्हीसह जन्मलेली अनाथ मुलं तिथं वाढली, शिकली, काहींची लग्नं झाली. दोन्ही ठिकाणी आधी गावचा विरोध झाला, नंतर समाजाच्या देणग्यांवर काम उभं राहिलं. मराठी माणूस देतो. दिवाळीला फराळ, कपडे, मुलाच्या वाढदिवसाचं जेवण मनापासून देतो. पण समुपदेशकाच्या पगाराला देणगी मागा. तिथं आपला हात खिशात अडकतो. फराळाचा फोटो निघतो; पगाराचा निघत नाही.

सरकारी मदतीचीही एक तऱ्हा पाहा. एसटीत एचआयव्हीबाधितांना प्रवास मोफत आहे. सवलत खरी, हेतू चांगला. पण ती घ्यायची तर भरल्या गाडीत कंडक्टरला कागद दाखवायचा. गाडी आपल्याच गावाची, कंडक्टरही ओळखीचा. त्यापेक्षा महिलांसाठीचं अर्धं तिकीट काढणं बाईला सोपं, आणि पुरुषाला पूर्ण तिकीट.

म्हणून वाटतं, जिनिव्हा आणि वॉशिंग्टनकडे डोळे लावण्याआधी धाराशिवमध्ये एवढं तरी विचारावं. हा देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. नियोजन समितीचा निधी इथं दरवर्षी येतो, बराचसा रस्ते-बांधकामात जातो. ऊसतोड मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे. गाळपाच्या टनामागे कारखान्यानं दहा रुपये आणि तेवढेच सरकारनं द्यायचे, असं ठरलं आहे. मजुराची नोंदणी होतेच आहे. कारखान्याच्या पट्ट्यात हंगामापुरता एक आरोग्य कार्यकर्ता ठेवला, ज्याच्या पिशवीत बीपीच्या, साखरेच्या, क्षयाच्या आणि या पांढऱ्या डब्याही असतील, तर कुणाला कुठल्या गोळ्या दिल्या हे टोळीला कळायचं कारण नाही. बाई फडातून तशीच परत कामाला लागेल. गावातल्याच बाईला शिकवून आरोग्याचं काम उभं करता येतं, हे अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं ‘भारतवैद्य’ बायकांतून याच जिल्ह्यात दाखवलं आहे. नव्यानं काही शोधून काढायचं नाही.

तोवर डब्यांचा हिशेब आहे तसाच आहे. दिवाळीनंतर निघालेल्या बिऱ्हाडातली तिसरी डबी संक्रांत उलटली की महाशिवरात्रीच्या आत संपते. कारखान्याचा पट्टा पडायला तेव्हा अजून दीड-दोन महिने असतात.